‘क्षय’ हा शब्द द्रव्यांसही लागू करावा

आमच्या लहानशा औषधशाळेत दर वर्षी शरद ऋतूत अशोकाच्या सालीची खरेदी होते. मागील खेपेस माल आला तो अर्धा मागणीप्रमाणे व अर्धा भलताच. सोबत व्यापाऱ्याची चिठ्ठी होती : ‘अशोकाचा तुटवडा आहे. बाकी माल पर्यायी पाठविला आहे. अभावात प्रतिनिधिद्रव्य चालते, हे आपणास सांगणे न लगे.’ पोते उघडून पाहिले. सालीला आतून अशोकाचा तांबूसपणा नव्हता आणि तुरट रस जिभेला नावापुरताच लागत होता. शाळांच्या व बंगल्यांच्या कुंपणालगत सरळसोट वाढणारा, ज्याला लोक हौसेने अशोक म्हणतात, त्या आसुपालवाची ती साल होती. माल परत केला, पैसे वळते झाले, व्यवहार संपला. व्यापाऱ्याचा राग आला नाही असे नाही. परंतु पुढे कित्येक दिवस खटकत राहिला तो त्या चिठ्ठीतील ‘अभाव’ हा शब्द. कारण तो आमच्याकडूनच त्याने उचललेला होता. आमच्या द्रव्यनोंदवहीत गेली वीस वर्षे आम्हीही मिळाले नाही अशा प्रत्येक द्रव्यापुढे ‘अभाव’ असेच लिहीत आलो आहोत. रास्ना मिळाली नाही, अभाव. पाटला मिळाली नाही, अभाव. एकाच शब्दाखाली किती निरनिराळ्या गोष्टी आपण झाकून ठेवल्या आहेत, याचा विचार त्या पोत्याने करावयास लावला.

वैद्यबंधूंना ठाऊकच आहे की अभावप्रतिनिधिद्रव्यांची पद्धतशीर यादी भावप्रकाशात आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या काळीही अष्टवर्ग दुर्लभ झालेला होता. राजालाही तो सहजी मिळत नाही असे ते स्वच्छ सांगतात आणि मेदा-महामेदेच्या जागी शतावरी, जीवक-ऋषभकाच्या जागी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलीच्या जागी अश्वगंधा, ऋद्धि-वृद्धीच्या जागी वाराहीकंद घेण्यास सुचवितात. आपण सर्वजण च्यवनप्राश करताना या वचनाचा आधार घेतो. मात्र त्याच प्रकरणात त्यांनी घातलेला निर्बंध आपण सोयीस्करपणे विसरतो. योगातील जे द्रव्य अप्रधान असेल त्याचाच प्रतिनिधी घ्यावा, प्रधान द्रव्याच्या जागी सदृश द्रव्यही घेऊ नये, असा तो निर्बंध आहे. अशोकारिष्टात अशोकाची साल एक तुला, म्हणजे शंभर पल. तेथे प्रधान कोण, याविषयी वाद संभवत नाही. तेव्हा त्या व्यापाऱ्याने घेतलेला शास्त्राधार हा शास्त्राचा अर्धाच श्लोक होता. आणि आसुपालवाचे नाव भावमिश्रांच्या यादीत अशोकापुढे तर नाहीच.

आता ‘अभाव’ या शब्दाकडे पाहू. पदार्थविज्ञानाचा अभ्यास प्रत्येकाने पहिल्या वर्षी केलेला आहे. परीक्षेनंतर तो कितीजणांनी उघडला, हा प्रश्न निराळा. वैशेषिकांनी अभाव चार प्रकारचा मानला. उत्पत्तीपूर्वी वस्तू नसते तो प्रागभाव. त्याला आरंभ नाही, पण वस्तू उत्पन्न होताच तो संपतो. वस्तू नष्ट झाल्यावर ती नसते तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, पण अंत नाही. अन्योन्याभाव व अत्यंताभाव हे उरलेले दोन. औषधशाळेच्या नोंदवहीच्या दृष्टीने पहिले दोन फार मोलाचे आहेत. वैशाखात गुळवेल ओली मिळत नाही, किंवा यंदाचा हिरडा अजून बाजारात यावयाचा आहे, हा अभाव प्रागभावासारखा आहे; थोडे थांबले की तो सरतो. परंतु ज्या सोमाच्या चोवीस जाती सुश्रुताने चिकित्सास्थानात वर्णिल्या, त्यातील आज निश्चयाने ओळखता येईल अशी एकही आपल्या हाती नाही. ब्राह्मणग्रंथांच्या काळीच सोम न मिळाल्यास पूतिका घ्यावी असे सांगावे लागले होते. प्रतिनिधिद्रव्याचे हे बहुधा सर्वांत जुने उदाहरण असावे. तो अभाव संपला नाही. दोन्ही ठिकाणी आपण एकच शब्द लिहितो आणि पहिल्याच्या निश्चिंतपणाने दुसऱ्याकडे पाहतो.

‘तुटवडा’ आणि ‘टंचाई’ हे शब्द बाजाराचे व सरकारी कचेरीचे आहेत. टंचाई उन्हाळ्यात जाहीर होते, टँकर फिरतात आणि मृगाचा पाऊस नीट लागला की ती फाईल बंद होते. या शब्दांच्या पोटात ‘पुन्हा येईल’ हे आश्वासन गृहीत आहे. मराठी माणसाला तसेही ‘संपले’ म्हणणे जड जाते. आपल्या घरात बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. घरातील मंगल-अमंगलाच्या कल्पनेपोटी हे ठीक आहे. पण खरेदीच्या कागदावर हाच सोवळेपणा पाळला तर वैद्याची व रुग्णाची फसवणूक होते.

‘ऱ्हास’ हा शब्द अलीकडे वर्तमानपत्रांनी फार चालविला. जंगलांचा ऱ्हास, पर्यावरणाचा ऱ्हास. मूळ शब्द ह्रास, ‘ह्रस्व’चा सख्खा भाऊ. संहितेत तो केवळ परिमाणाचा शब्द आहे : सामान्याने वृद्धी, विशेषाने ह्रास. वाढलेल्या दोषाचा ह्रास वैद्य बुद्धिपुरस्सर घडवून आणतो, म्हणजे ह्रास हा कित्येकदा इष्टही असतो. द्रव्याची आज जी अवस्था झाली आहे ती सांगण्यास हा शब्द मला अपुरा वाटतो. तो किती कमी झाले हे सांगतो. का व कोणत्या क्रमाने, हे विचारण्यास भाग पाडत नाही.

ते भाग पाडणारा शब्द आपल्याजवळ आहे, आणि तो ‘क्षय’. दुर्दैवाने मराठीत तो एका जंतुजन्य रोगाच्या नावाला इतका चिकटला की त्याचा मूळ विस्तार आपणही विसरलो. चरकांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात अठरा क्षय सांगितले : तीन दोषांचे, सात धातूंचे, सात मलांचे आणि ओजाचा एक. सुश्रुताने तर दोष, धातू व मलांच्या क्षय-वृद्धीसाठी सूत्रस्थानातील स्वतंत्र अध्याय योजिला. या प्रत्येक क्षयाला लक्षणे आहेत, हेतू आहेत आणि चिकित्सा आहे. क्षय म्हणजे नाश नव्हे. पंचांगातील क्षयतिथी पाहा : ती आकाशात होऊन गेलेली असते, फक्त तिला सूर्योदय लाभत नाही. चंद्राचा क्षय होतो आणि शुक्ल प्रतिपदेपासून तो पुन्हा भरू लागतो. राजयक्ष्म्याच्या कथेत तर हाच चंद्र रुग्ण आहे. रोहिणीवरील आसक्तीमुळे दक्षाचा कोप ओढवून घेतलेला, अश्विनीकुमारांनी बरा केलेला. ओषधींचा अधिपती म्हणून ज्याला आपण नमस्कार करतो तोच क्षयाचा पहिला रोगी, हा योगायोग मला नेहमी विचारात टाकतो. शब्दाची आणखी एक गंमत अशी की संस्कृतात ‘क्षय’ म्हणजे निवासस्थानही होते. दोन्ही अर्थांचे शब्द एकाच उच्चाराचे असल्याने पाणिनीला निवास या अर्थी स्वर वेगळा असतो असे सूत्र करून सांगावे लागले. वनस्पतीच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात; निवास गेला की पाठोपाठ दुसरा क्षय ठरलेलाच.

धातुक्षयाचा क्रम अनुलोम असतो तसा प्रतिलोमही असतो. स्रोतोरोधाने रस पुढे सरकत नाही, म्हणून उत्तरोत्तर धातू सुकतात, तो अनुलोम. अतिव्ययाने शुक्र प्रथम क्षीण होते आणि तेथून उलट्या क्रमाने मज्जा, अस्थी असे खाली खाली उतरत जाते, तो प्रतिलोम. हा दृष्टांत फार ताणू नये हे मला मान्य आहे. झाड म्हणजे मनुष्यदेह नव्हे. तरीही वनातील द्रव्यांचे परीक्षण करताना तो उपयोगी पडतो. धरणे, रस्ते, खाणी, चराई, वणवा यांनी जमिनीचा रसच तुटला की झाड हळूहळू सुकत जाते. हा अनुलोम क्षय आहे आणि त्यात आपला वाटा इतरांपेक्षा निराळा नाही. परंतु फळ पक्व होऊन बी जमिनीवर पडण्यापूर्वीच संपूर्ण वनस्पती उपटली, किंवा बियांसाठी राखावयाचे जुने झाड सालीसाठी सोलून मारले, तर क्षय बीजापासून सुरू होतो. हा प्रतिलोम आहे, आणि तो आपल्या मागणीतून घडतो. एखाद्या रानात प्रौढ झाडे दिसतात म्हणून संग्राहक व खरेदीदार दोघेही निर्धास्त असतात. रोपे मात्र एकही दिसत नाहीत, याची नोंद कोणी घेत नाही.

चरकांच्या कल्पस्थानात द्रव्यसंग्रहाचा काळ सांगितला आहे. कोवळ्या फांद्या व पाने वर्षा आणि वसंतात, मुळे ग्रीष्मात अथवा शिशिरात पाने झडून गेल्यावर, साल, कंद व क्षीर शरदात, सार हेमंतात, फुले-फळे आपापल्या ऋतूत. याचे वीर्याच्या दृष्टीने विवरण आपण शिकलो आहोत. परंतु पाने झडल्यावर मूळ काढा, याचा व्यवहारातील अर्थ असाही होतो की तोवर फळे धरून गेलेली असतात आणि बी जमिनीवर पडलेले असते. हा अर्थ ग्रंथकारास अभिप्रेत होता की नाही, याविषयी मी आग्रह धरीत नाही. त्याचे पालन केल्यास वनस्पती वाचते, एवढे खरे.

आता काही द्रव्ये. अशोक सह्याद्रीत ओढ्याकाठच्या सावलीत वाढतो. त्याची नैसर्गिक वस्ती मुळातच तुरळक. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने 1998 मध्येच त्याला असुरक्षित ठरविले. त्याची साल उभ्या पट्ट्यांत, एकाच अंगाने, उरलेले खोड राखून काढली तर झाड जखम भरून काढते. सभोवार सोलली तर अन्नरसाचा मार्ग तुटतो आणि झाड मरते. घाईत असलेला मनुष्य सभोवार सोलतो. गुग्गुळाचे तर आपण सर्वांनी मिळून फारच हाल केले. राजस्थान व कच्छच्या रुक्ष भूमीत सावकाश वाढणारे ते झुडूप. अधिक निर्यासाच्या लोभाने खोल घाव घालून, वर रसायने लावून त्यातून एकदाच जास्त काढतात, आणि झाड वाळते. 2015 मध्ये त्याची गणना अतिसंकटग्रस्त वनस्पतींत झाली. योगराज, कैशोर, त्रिफळा, कांचनार, गोक्षुरादि अशा किती गुटी आपण रोज लिहितो, ते प्रत्येकाने आपल्या चिठ्ठ्यांवरून पाहावे.

दशमुळाविषयी स्वतंत्र लेखच लिहावा लागेल. बिल्व, अग्निमंथ, श्योनाक, पाटला, गंभारी ही पाचही वृक्षांची मुळे. मूळ काढले की वृक्ष गेला. म्हणून अनेक औषधशाळा मुळाऐवजी खोडाची साल वापरतात. ते गुणांत कितपत तुल्य आहे यावर मतभेद असू शकतात आणि ते असावेतही. पण निदान तसे आवेष्टनावर लिहावे. ‘मूळ’ छापून साल घालणे हे मला पटत नाही.

आणि प्रतिनिधींचे काय? मेदा-महामेदेच्या जागी शतावरी आली. च्यवनप्राशासाठी ती लागते, सूतिकेसाठी लागते, शतावरी कल्पासाठी लागते, जनावरांच्या दूधवाढीच्या औषधांसाठीही लागते. तीही मुळासकट खणून काढावी लागते. वावडिंगाचेही तसेच. आपल्या सह्याद्रीतून येणारे बहुतेक वावडिंग हे शास्त्रोक्त विडंगाच्या जातभाईचे फळ आहे; मूळ जात विरळ झाल्याने ते आपोआप त्याच्या जागी येऊन बसले. आता तेही सहज मिळेनासे झाले आहे. आमच्याकडे पूर्वी रानातील द्रव्ये आणून देणारे एक वृद्ध गृहस्थ होते. ते ‘संपले’ म्हणत नसत, ‘तुटवडा’ही म्हणत नसत. म्हणत, “वैद्यबुवा, वावडिंग आता लांब गेलं.” पूर्वी ते सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परतत, पुढे त्यांना एक रात्र बाहेर काढावी लागू लागली. क्षयाचे माप पायांनी घेतलेले मी त्यांच्याकडेच पाहिले. त्यांची मुले या व्यवसायात नाहीत.

द्रव्य एकदा जगाच्या नजरेत भरले की काय होते, हे सर्पगंधेने दाखविले. मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहिला. 1952 मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले. मागणी परदेशातून आली, मुळे मात्र आपल्या रानांतून उपटली गेली. 1990 मध्ये साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तिचे नाव घालावे लागले. याउलट उदाहरण कुष्ठाचे. हिमालयातील वन्य कुष्ठ इतके घटले की त्याचा समावेश त्या कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. परंतु लाहौलच्या शेतकऱ्यांनी त्याची शेती केल्यामुळे द्रव्य हाती राहिले.

येथेच चिकित्सेचा मुद्दा येतो. क्षीण धातूची चिकित्सा सुश्रुताने स्वयोनिवर्धन द्रव्यांनी सांगितली. ज्याचा क्षय, त्याच योनीच्या द्रव्याने भरपाई. प्रतिनिधिद्रव्य हा रुग्णाची आजची अडचण निवारण्याचा उपाय आहे; वनस्पतीच्या क्षयाची ती चिकित्सा नव्हे. अशोकाच्या क्षयावर अशोक लावणे हीच चिकित्सा, आणि साल काढण्याजोगा वृक्ष होण्यास दीड-दोन दशके लागतात, म्हणून ती आपल्यापैकी अनेकांच्या हयातीत फळास येणार नाही. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ 2000 मध्ये स्थापन झाले. त्या मंडळाने भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषदेसह केलेली पाहणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत व्यापारात असलेल्या 1,178 जाती आढळल्या आणि त्यांपैकी 242 जातींचा वार्षिक व्यापार प्रत्येकी शंभर मेट्रिक टनांहून अधिक दिसला. हे आकडे आपल्याच नोंदींवर अवलंबून असतात. आपण वार्षिक विवरणपत्रात द्रव्यांचा वापर लिहून देतो, तेथे अशोकाच्या नावाखाली आसुपालवाचे वजन गेले, तर कागदावर अशोक भरपूर आहे असेच दिसणार. चुकीचा शब्द रोग लपवितो तो असा.

या मतावर आक्षेप आले आहेत. एका ज्येष्ठ औषधशाळाचालकांनी मला सांगितले की ‘क्षय’ लिहिले तर भाव दुसऱ्या दिवशी दुप्पट होईल आणि लहान औषधशाळा प्रथम मरतील. हा आक्षेप मी हलका लेखीत नाही. साठा करणाऱ्यांना असे शब्द आवडतातच. चरकांनी जनपदोध्वंसाच्या अध्यायात कृतयुगाच्या अखेरीची जी अवनती वर्णिली आहे, तीत आळसापाठोपाठ संचय, संचयापाठोपाठ परिग्रह आणि मग लोभ असा क्रम आहे. त्यामुळे मी शब्द बाजारात लावावा असे म्हणत नाही, नोंदवहीत लिहावा एवढेच म्हणतो. दुसरा आक्षेप विनोदी आहे, पण सांगतो. मी गेल्या वर्षी अशोकापुढे ‘क्षय’ असे लिहिले. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी ते वाचून आमच्या कामगारांपैकी कोणाला क्षय झाला आहे, त्याची थुंकी तपासली का, अशी काळजीने चौकशी केली. त्यांचे चुकले नव्हते. म्हणून आता आम्ही ‘द्रव्यक्षय’ असे लिहितो.

संघटनेच्या आगामी वार्षिक सभेपुढे मी एक साधी सूचना ठेवणार आहे. सभासद औषधशाळांच्या द्रव्यनोंदवहीत अनुपलब्धतेच्या रकान्यात ‘अभाव’ हा एकच शब्द न लिहिता तीनपैकी एक लिहावा : ऋतुमानाने न मिळाल्यास ‘अकाल’, दर वा वाहतुकीमुळे न मिळाल्यास ‘तुटवडा’, आणि रानातच कमी झाल्याचे संग्राहक सांगत असल्यास ‘द्रव्यक्षय’. तिसऱ्या नोंदीसमोर प्रदेश, काढलेले अंग आणि संग्राहकास किती लांब जावे लागले, हे लिहावे. योगातील प्रधान द्रव्यापुढे ही नोंद आल्यास त्या योगाची ती पाळी काढू नये. शेवटच्या अटीला विरोध होईल हे मी जाणतो. आमच्याकडे यंदा अशोकारिष्टाच्या दोन पाळ्या ठरल्या होत्या. परत केलेल्या मालामुळे एकच निघाली. दुकानदारांचे दूरध्वनी येतात, त्यांना आम्ही मार्गशीर्षापर्यंत थांबण्यास सांगितले आहे, आणि काहींनी दुसऱ्या औषधशाळेकडे मागणी वळविली आहे.